न दिसणारा माल

बाजारात माल विकावयाचा तर तो आधी गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा लागतो. कापड घेणारा पोत बोटांनी चाचपून पाहतो, तांदूळ घेणारा चार दाणे तळहातावर घेतो, आणि मडके घेणारा ते टिचकी मारून वाजविल्याखेरीज पैसे काढीत नाही. हाताला, डोळ्याला, कानाला पटले म्हणजे मग भावाची गोष्ट. परंतु असाही एक माल आहे की, ज्याला रंग नाही, वजन नाही, वास नाही. जो विकत घेतल्यावर घरी नेण्यासारखा एक छापील कागद तेवढा मिळतो. आणि ज्याचा खरा उपयोग होतो, त्या वेळी तो घेणारा मनुष्य या जगात नसतो. हा माल म्हणजे आयुर्विमा. आपल्या देशात तो दोनशे वर्षांहून अधिक काळ विकला जात आहे. लोकांनी तो आरंभी का नाकारला, पुढे का स्वीकारला, आणि ज्यांनी तो विकला त्यांना त्यासाठी काय काय करावे लागले, हा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

विम्याची कल्पनाच आपल्याकडे नवी होती असे मात्र नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ नावाची एक हुंडी चालत असे. माल गलबतात भरून पाठविणारा व्यापारी ती लिहून देई आणि तिच्यावर आधीच पैसे उचली. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे चुकते व्हावयाचे. गलबत वाटेत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याने ते नुकसान सोसावयाचे. म्हणजे समुद्राची जोखीम एकाच्या शिरावरून दुसऱ्याच्या शिरावर नेण्याची युक्ती आपल्या पेढ्यांना चांगली अवगत होती. ‘विमा’ हा शब्दही फारसीतून आलेला, आणि व्यापाऱ्यांच्या परिचयाचा.

परंतु गलबताचा विमा आणि माणसाचा विमा यांत मोठे अंतर आहे. गलबत बुडाले तर नुकसान झालेला व्यापारी स्वतः हयात असतो. तो आपला हिशेब घेऊन पेढीवर जातो आणि भरपाई मोजून घेतो. आयुर्विम्यात हप्ते भरणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा. ज्याला हा माल पटवून द्यावयाचा, त्याला तो कधीच भोगावयास मिळत नाही. आणि ज्याला भोगावयास मिळतो, त्याला तो घेते वेळी बहुधा कोणी विचारलेलेही नसते. शिवाय तो विकताना मरणाची गोष्ट काढावी लागते. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून बजावणाऱ्या समाजात, नुकत्याच लग्न झालेल्या तरुणासमोर बसून ‘उद्या तुमचे बरेवाईट झाले तर’ असे वाक्य उच्चारणे हे काही सोपे काम नव्हे. ते ऐकून घरातील वडीलधारे उठून आत जात असतील, तर त्यात नवल नाही.

ही अडचण केवळ आपलीच होती असेही समजू नये. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात आयुर्विम्याचे स्वरूप पुष्कळदा जुगाराचे होते. प्रसिद्ध व्यक्तींच्या आयुष्यावर परक्या लोकांनी पैजा लावाव्यात आणि त्यांना विम्याचे नाव द्यावे, असा प्रकार इतका बोकाळला की, १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून तो बंद करावा लागला. ज्याच्या जगण्यात आपला खरा हितसंबंध आहे, त्याच्याच आयुष्याचा विमा उतरविता येईल, असे त्या कायद्याने ठरविले. पैज आणि विमा यांच्यामध्ये जी भिंत आज आपण गृहीत धरतो, ती अशी कायद्याने बांधलेली आहे.

दुसरी अडचण गणिताची होती. मरणाला हिशेब कसला, असा सामान्य माणसाचा प्रश्न. त्याचे उत्तर देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न एडमंड हॅली याने केला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्या परिचयाचे आहे, तोच हा ज्योतिर्विद. ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन त्याने १६९३ साली एक कोष्टक प्रसिद्ध केले. अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी वर्षभरात किती दगावतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येऊ लागला. एक माणूस केव्हा मरेल हे कोणी सांगू शकत नाही. हजार माणसांपैकी किती मरतील हे बरेच नेमकेपणाने सांगता येते. आयुर्विम्याचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

हॅलीच्या कोष्टकाचा उपयोग पुढे जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकाने केला. वय पंचेचाळिसांच्या पुढे गेले म्हणून लंडनच्या एका संस्थेने त्याला विमा नाकारला होता. तेव्हा प्रत्येक वयाला योग्य असा हप्ता गणिताने ठरवून तो आयुष्यभर सारखाच ठेवता येईल, अशी रीत त्याने मांडली. या रीतीवर चालणारी ‘इक्विटेबल’ ही संस्था लंडनमध्ये १७६२ साली निघाली. डॉडसन तत्पूर्वीच, १७५७ साली वारला होता. ज्या व्यवसायात लाभ घेणारा नेहमीच मागून येतो, त्याच्या एका जनकाच्या वाट्यालाही तेच यावे, हा योग विलक्षण खरा.

हिंदुस्थानात आयुर्विमा आला तो इंग्रजांच्या मागोमाग. १८१८ साली कलकत्त्यास ‘ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी’ निघाली. योगायोग असा की, पेशवाई लयास गेली तेही हेच साल. ही कंपनी मुख्यतः येथे राहणाऱ्या युरोपियनांसाठी होती. पुढे काही कंपन्या एतद्देशीयांचे विमे उतरवू लागल्या खऱ्या, पण ‘नेटिव्ह’ आयुष्य हे अधिक धोक्याचे असे मानून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. येथील लोकांचे मृत्युमान मोजलेले कोणी नव्हते. केवळ समज होता, आणि त्या समजाची किंमत मात्र रोख वसूल केली जात होती. ज्या मालाचा लाभ आधीच दिसत नाही, तो तुमच्यासाठी अधिक महाग आहे असे सांगितल्यावर तो कोण घेणार?

या परिस्थितीत पहिला मोठा बदल मुंबईत झाला. १८७० साली ‘बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲशुरन्स सोसायटी’ स्थापन झाली आणि तिने भारतीयांचे विमे सामान्य दराने उतरविण्यास आरंभ केला. चार वर्षांनी, १८७४ साली, मुंबईतच ‘ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ ॲशुरन्स कंपनी’ निघाली. हे लांबलचक नाव बारकाईने पाहण्यासारखे आहे. आयुर्विमा या शब्दांच्या आधी त्यात सरकारी रोखे येऊन बसले आहेत. तुमचे पैसे कोणाच्या हातात जाणार, हा गिऱ्हाइकाच्या मनातील पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कंपनीने आपल्या पाटीवरच लिहून टाकले होते. माल दाखविता येत नसेल तर निदान तिजोरी कोठे आहे ते दाखवावे, असा हा व्यवहारी विचार होता, आणि पुढे ही कंपनी देशातील अग्रगण्य कंपन्यांत गणली गेली. तिच्या विमेदारांच्या १९२५ ते १९३५ या काळातील अनुभवावरून जे मृत्युमानाचे कोष्टक तयार झाले, ते पुढे भारतीय विमा-व्यवसायाचा आधार बनले. जो हिशेब शंभर वर्षे नुसत्या समजावर चालला होता, त्याला अखेर मोजमाप मिळाले.

सरकारनेही या कामात हात घातला होता. १ फेब्रुवारी १८८४ रोजी टपाल खात्याने आपल्या नोकरांसाठी विमा सुरू केला. १८८८ साली तो तार खात्यासही लागू झाला. १८९४ साली या दोन्ही खात्यांतील स्त्री-कर्मचाऱ्यांनाही विमा मिळू लागला, आणि तो अशा काळात की, दुसरी कोणतीही विमा कंपनी स्त्रियांचे विमे उतरवीत नव्हती. ज्या खात्याची पत्रे आणि मनीऑर्डरी रोज दारी येत होत्या, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे त्या नोकरांना जड गेले नसावे.

एवढे झाले तरी एक मोठा प्रश्न उरतच होता. हिंदू घरात विम्याची गरज ती काय? शेत आहे, घर आहे, भाऊ आहेत; मी गेलो तर ते पाहतील, हे उत्तर प्रत्येकाच्या ओठावर होते, आणि ते खोटेही नव्हते. एकत्र कुटुंब हाच आपला जुना विमा होता. त्याचा हप्ता प्रत्येकाने आपल्या श्रमांनी भरावयाचा आणि अडचणीत प्रत्येकाला त्याचा आधार मिळावयाचा. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातला, देशावरचा, वऱ्हाडातला मुलगा शिकून कचेरीत, शाळेत, रेल्वेत नोकरीस लागला. मुंबई, नागपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे त्याने दोन खोल्यांत बिऱ्हाड केले. त्याची मिळकत म्हणजे दरमहाचा पगार. आणि पगार हा शेतासारखा मागे राहत नाही, माणसाबरोबरच संपतो. आयुर्विमा आपल्याकडे रुजला तो या नोकरदाराच्या घरी. गरज आधी निर्माण झाली, आणि मग विमावाल्याचे बोलणे त्याच्या कानी शिरू लागले.

येथे कायद्याचे एक कलम फार महत्त्वाचे ठरले. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीचा कायदा १८७४ साली झाला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, पतीने पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी म्हणून विमा उतरविला तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त-निधी मानली जाते. पतीच्या सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही आणि ती त्याच्या इतर मिळकतीत मिसळत नाही. पण या संरक्षणाचा लाभ हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन यांना दीर्घकाळ निःसंदिग्धपणे मिळत नव्हता. मद्रास प्रांतात तो १९१३ सालानंतरच्या विम्यांना आणि उर्वरित देशात १ एप्रिल १९२३ नंतरच्या विम्यांना मिळाला. ज्या काळी हिंदू विधवेचा पतीच्या मिळकतीवरील हक्क अत्यंत अपुरा होता, त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती हे सांगावयास नको. दिराच्या दयेवर आणि भावाच्या ओसरीवर आयुष्य काढणाऱ्या बाईला, कोणाचेही आर्जव न करता, स्वतःच्या नावे येणारी काही रक्कम या कलमाने मिळवून दिली. एजंटाच्या शंभर वचनांना जे साधले नसते, ते या एका तरतुदीने साधले : न दिसणाऱ्या लाभाला तिने न्यायालयात उभे राहण्याचे बळ दिले.

स्वदेशीच्या चळवळीने आणखी एक प्रेरणा आणली. १९०५ नंतरच्या दोनतीन वर्षांत देशी विमा कंपन्यांचे पीक आले. १९०६ साली मद्रासेस ‘युनायटेड इंडिया’ आणि कलकत्त्यास ‘नॅशनल’ निघाल्या; १९०७ साली कलकत्त्याची ‘हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह’ ही संस्था जोडासाँको येथील रवींद्रनाथ ठाकुरांच्या वाड्यातील एका खोलीत सुरू झाली. महाराष्ट्रात सातारा येथे १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया लाइफ’ ही कंपनी काढली. परदेशी कंपनीत भरलेला हप्ता परदेशी जातो, देशी कंपनीत भरलेला देशाच्या उद्योगाला लागतो, हा विचार तेव्हाच्या सुशिक्षितांना मनापासून पटला. साताऱ्यासारख्या गावी कंपनी असली म्हणजे तिचे चालक कोण, ते राहतात कोठे, त्यांची पत काय, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. विश्वासाला ओळखीचा चेहरा लागतो, हे या छोट्या कंपन्यांनी दाखवून दिले.

तोच चेहरा गावोगावी नेणारा मनुष्य म्हणजे विमा एजंट. आपल्या विनोदी वाङ्मयात त्याची पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि त्याला पाहून मागील दाराने निसटणारे यजमानही आपल्या परिचयाचे आहेत. परंतु त्याच्या कामाचा विचार थोड्या सहानुभूतीने करावयास हवा. विम्याची दुकाने मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहिली असती, तर फारसे कोणी फिरकले नसते. कारण भूक लागते तशी विम्याची तहान कोणाला लागत नाही. ती गरज दुसऱ्याने येऊन जागी करावी लागते. हा मनुष्य पुष्कळदा शाळामास्तर असे, कारकून असे, नात्यातला असे. तो विमा विकण्यापूर्वी स्वतःची ओळख विकत असे, आणि म्हणूनच त्याने केलेली फसवणूकही अधिक खोल जखम करी.

फसवणूक झाली नाही असे नाही. कंपन्या निघाल्या तशा बुडाल्याही. कोणी न परवडणारे बोनस जाहीर केले, कोणी हप्त्यांची मांडणीच चुकविली. एजंटाने आपल्या कमिशनाचा वाटा गिऱ्हाइकाला देऊन पहिला हप्ता स्वस्त करावा, आणि दुसऱ्या वर्षी विमा बंद पडावा, हे तर नित्याचे झाले होते. म्हणून १९१२ च्या कायद्याने हप्त्यांची कोष्टके विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक केले. १९३८ च्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. कमिशनातून सूट देण्यास त्याने बंदी केली. आणि त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने, विमा दोन वर्षे चालल्यानंतर केवळ अर्जातील एखाद्या चुकीच्या माहितीचे निमित्त करून तो नाकारण्यास कंपनीला सहजासहजी वाव ठेवला नाही. आज ही मुदत तीन वर्षांची आहे. हे कलम विम्याच्या इतिहासाचा कणा आहे असे मला वाटते. कारण विमा घेणाऱ्याच्या मनातील खरी भीती मरणाची नसतेच. आपण गेल्यावर आपल्या बायकोला हे लोक काही खुसपट काढून परत पाठवतील, ही ती भीती असते.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून भाषण करून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. महाडजवळील नाते गावी जन्मलेल्या आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या अर्थशास्त्रज्ञाने तो निर्णय देशाला ऐकविला तो याच ध्वनिक्षेपकावरून, ही आपल्या माध्यमाच्या इतिहासातीलही स्मरणीय घटना होय. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा २४५ संस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्यापूर्वीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

महामंडळाचा कायदा १८ जून १९५६ चा. त्या वर्षाचा तो एकतिसावा कायदा. त्याच्या आदल्या दिवशी संमत झालेला तिसावा कायदा म्हणजे हिंदू वारसा कायदा. त्याने विधवेला आणि मुलीला वारसाने आलेल्या मिळकतीवर पूर्ण मालकी दिली. पतीच्या मागे पत्नीचे काय, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे एकमेकांना लागून कायद्याच्या पुस्तकात बसली आहेत. महामंडळाच्या कायद्याच्या सदतिसाव्या कलमाने विम्याच्या रकमेस केंद्र सरकारची हमी दिली. ‘गव्हर्नमेंट सिक्युरिटी’ हे शब्द १८७४ साली नावात घालावे लागले होते; आता हमी खुद्द सरकारच देत होते. दोन तळहातांच्या आडोशाने तेवणारी ज्योत हे महामंडळाचे चिन्ह आणि गीतेतून घेतलेला ‘योगक्षेमा’चा संदेश, यांनी न दिसणाऱ्या मालाला एक रूप दिले. वाचता न येणाऱ्यालाही ते चित्र कळू शकते.

पण चिन्हाने विश्वास निर्माण होतो, टिकतो तो व्यवहाराने. वर्षभरातच, १९५७ साली, हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग महामंडळाने घेतल्याचे प्रकरण संसदेत फिरोज गांधी यांनी उपस्थित केले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. विमेदारांचा पैसा हा ठेव म्हणून सांभाळावयाचा पैसा आहे, त्याचा जाब जाहीरपणे विचारता येतो, हे या चौकशीने देशाला दाखविले. विम्याची याहून चांगली जाहिरात कोणी योजूनही करू शकले नसते.

पुढील काळात विमा सर्वत्र पसरला. पण पसरताना त्याचे रूप पालटले. मरणाची गोष्ट अप्रिय, म्हणून विकणाऱ्यांनी ती हळूहळू मागे सारली. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, मुदतीअखेरचा बोनस, कराची बचत, या गोष्टी पुढे आल्या. माल खपला, परंतु गिऱ्हाइकाने घेतली ती बचत. संरक्षण त्यात थोडेच उरले. २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाला, आणि बाजाराशी निगडित योजना इतक्या धडाक्याने विकल्या गेल्या की, २०१० साली नियामकाला त्यांच्या आकारणीवर आणि मुदतीवर बंधने घालावी लागली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत पुन्हा केवळ संरक्षणाचा विचार दिसतो. आरंभी वर्षाला ३३० रुपये आणि २०२२ पासून ४३६ रुपये भरून २ लाखांचे विमाछत्र त्यात मिळते.

या योजनेत हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप वळता होतो. सोय मोठी आहे. परंतु खातेदाराने घरी सांगितलेच नसेल, तर त्याच्या मागे त्याच्या पत्नीला आपला हक्क कळावयाचा कसा? विमा कंपन्यांकडे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, कोणी मागावयासच न आलेल्या रकमा असतात. दहा वर्षे उलटली की त्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. त्या प्रत्येक रकमेमागे कोणी तरी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते आहेत. तेथे विक्री झाली, हप्ते पोहोचले, कागदही झाला. फक्त वचन ज्याला द्यावयाचे होते, त्याच्यापर्यंत ते गेले नाही.

श्रोतेहो, दोनशे वर्षांच्या या कथेत कोष्टके आली, कायदे आले, सरकारची हमी आली, आणि प्रत्येकाने या अदृश्य मालाला थोडा थोडा आकार दिला. तरी विम्याची खरी विक्री घरात येऊन बसलेला एजंट करीत नाही. गावातल्या एका घरी कर्ता पुरुष जातो, महिन्या दीड महिन्यात त्याच्या पत्नीच्या हाती विनातक्रार रक्कम येते, मुलांची शाळा सुटत नाही, आणि आळीतले लोक ते पाहतात. त्या दिवशी त्या आळीत विमा म्हणजे काय ते सर्वांना समजते. ज्या घरी असा कागद कपाटात आहे, त्या घरच्या पुरुषांनी तो आज बाहेर काढावा, तो कोठे असतो आणि कोणाच्या नावे आहे हे घरात सर्वांना सांगावे. विषय अशुभ वाटेल. पण ज्या माउलीसाठी तो कागद घेतला, तिला तो ठाऊक असणे यातच त्याची सारी किंमत आहे.